तीन नंबरची व्हीलचेअर

कपाळावर ओळख पुसणारी पट्टी बांधली की खरेदी अधिकारी कुमुदिनी थोरबोलेंना समोरचा एकही चेहरा किंवा आवाज ओळखता येत नसे. निविदा उघडताना पट्टी बांधायची, हा नियमच होता. म्हणून तर आता अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनाही निविदा भरता येत.

तीन नंबरच्या निविदाकाराची व्हीलचेअर त्यांनी स्वतः बसून, गोल फिरवून पाहिली. आलेल्या सगळ्यांत तीच हलकी आणि तीच स्वस्त. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये हीच जाणार, असं त्यांच्या मनात ठरलंसुद्धा.

तेवढ्यात नव्या शिपायाने चहा आणला. त्यांनी कप तोंडाला लावला.

"अहो, त्यांना साखर चालत नाही!" तीन नंबरवाला बोलून गेला.

कुमुदिनीबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी कुतूहलाने विचारलं.

ओळख दाखवली की निविदा बाद, हे खोलीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी तीन नंबरवर फुली मारली, खाली सही केली आणि पट्टी सोडली.

समोर त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर व्हीलचेअरची घडी घालत होता.

"सकाळची गोळी तरी घेतलीस का, ताई?" त्याने विचारलं.