तळाचं पाणी

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या तपासनिसाने उत्तर दिलंच नव्हतं. बोट बुडून गेलेल्या खलाशाच्या बायकोने लिहिलं होतं, ‘ह्या पोशाखात थंड पाण्यात सहा तास जीव तगतो, असा तुमचा शिक्का होता. हे दोन तासांतच गारठून गेले. पोशाखाची चेन मी माझ्या हाताने लावून दिली होती. मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझं चुकलं का, एवढंच कळवा.’

आज त्याच्या जागी आलेल्या मुलीने चाचणीच्या टाकीत थर्मामीटर वरपासून खालपर्यंत सोडून पाहिला.

“काका, तळाला पाच अंश आणि वर अकरा! तुम्ही कुठे मोजायचात?”

“तळाला. थर्मामीटर अडकवायला हूक तिथेच होता ना.”

“अहो, पण पोशाख घातलेला माणूस वर तरंगतो! म्हणजे शिक्का पाच अंशांचा आणि चाचणी अकरा अंशांत!” तिला हसू आवरेना. “नशीब समजा, कुणी विचारलं नाही तुम्हाला.”

घरी येऊन त्याने त्या बाईला टाकीचं खरं सांगणारे चार कागद लिहिले आणि चारही फाडले. पाचव्यावर लिहिलं, ‘ताई, चेन नीट लागली नव्हती,’ आणि मन कच खायच्या आत पत्र पेटीत टाकून आला.