हरवल्याची तक्रार

शिरगावच्या गोजरबाई भर दुपारी पोलीस ठाण्यात आल्या आणि हवालदार खैरनारांसमोर बसल्या.

"माजा शेत हरवलाय, सायेब."

पंखा पेंगत होता, खैरनारही. हरवलेली माणसं शोधण्यात त्यांची हयात गेली होती. शेताचा अनुभव नव्हता. म्हणून त्यांनी माणसांचेच प्रश्न विचारले.

"शेवटचं कधी दिसलं?"

"चार वरसां झाली, दिवालीच्या आधी. धुक्यात उभा होता."

"अंगावर काय होतं?"

"पिवला भात."

"काही खूण?"

"कोपऱ्यात आंब्याचा झाड. वारा आला का शेत हलूहलू चालायला लागायचा."

"मग चालत गेलं असेल कुठेतरी."

"नाय वो. वर गेला. चौदा माले."

खैरनारांनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या टॉवरवर एक ढग टेकून बसला होता.

तेवढ्यात गोजरबाईंचा मुलगा विनीत धापा टाकत आत आला. "सॉरी साहेब. जमीन मीच विकली. तिथेच फ्लॅटपण मिळाला. तरी ही रोज लिफ्टने खाली येते नि शेत शोधत फिरते. आई, चल ना घरी. सकाळपासून जेवली नाहीस."

खैरनारांनी पेन खिशाला लावलं. गोजरबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"सायेब, संशय कोनावर, ते नाय इचारला?"

"नाही विचारत, आजी," खैरनार म्हणाले. "तो तुम्हाला घरी न्यायला आलाय."