दोन टाक्या

हातमोजे चढवून शशिकलाबाईंनी कॅराव्हॅनचा, म्हणजे त्यांच्या फिरत्या घराचा, सांडपाण्याचा जाड पाइप मुक्कामाच्या तळावरच्या सेप्टिक टँकच्या तोंडात घट्ट बसवला. आजवर हे काम दिगंबररावांचं होतं. पण पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात उठत नव्हता. आज जमलं नाही, तर सहल इथेच संपवून घरी परतायचं ठरलं होतं.

"आधी संडासाची टाकी!" दिगंबरराव खिडकीतून ओरडले. "मग आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघेल."

शशिकलाबाईंनी श्वास रोखून एकेक खटका ओढला. पाइप थरथरला, आत धो धो आवाज झाला. पाच मिनिटांत दोन्ही टाक्या रिकाम्या! बाहेर थेंबही सांडला नव्हता.

"अहो, जमलं!" त्या भर तळावर नाचल्याच. दिगंबरराव डाव्या हाताने खिडकी बडवत हसत होते.

हात धुऊन त्या स्टिअरिंगवर बसल्या.

"आता कुठे?" दिगंबररावांनी विचारलं.

"गोकर्णला! टाक्या भरायला अजून चार दिवस आहेत."