‘भुप्प’ कुणाचा?

“सापडला!” धाकटी खुर्चीवरून उठली ती थेट हेडमास्तरांच्या टेबलापाशी.

शब्दकोशाच्या त्या कचेरीत मुख्य संपादकांना सगळे पाठीमागे हेडमास्तर म्हणत आणि वयाने सर्वांत लहान संपादिकेला तोंडावरच धाकटी. ‘भुप्प’ कोशात जावा म्हणून तिने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. फुशारकी मारता मारता कुणी तोंडावर आपटलं, की इंटरनेटवरची पोरं लिहितात, “झाला भुप्प!” पण तो आला कुठून, कुणाला ठाऊक? हेडमास्तरांचे नियम कडक. मूळ सांगणारे दोन साक्षीदार हवेत. आणि कोशाच्या माणसांनी शब्द गोळा करायचे, घडवायचे नाहीत. आज पानं छपाईला जाणार होती. शब्द राहिला तर पुढच्या आवृत्तीपर्यंत राहिला.

“सगळ्यात जुना ‘भुप्प’ एका गेमच्या चॅटमध्ये आहे, सर. लिहिणाऱ्याचं नाव ‘घोरणारा वाघ’. हे नाव मीच ठेवलंय. माझा सख्खा दादा आहे तो!”

तिने फोन स्पीकरवर लावला. हातातली कामं टाकून सगळे भोवती जमले.

“दादा, ‘भुप्प’ तू कुठून उचललास?”

“उचलला कसला! तुझाच आहे तो. मी डब्यांचा मनोरा रचायचो. तू रांगत यायचीस, एक फटका द्यायचीस आणि ओरडायचीस, भुप्प! मग गेममध्ये कुणी आपटलं की माझ्याही तोंडात तेच यायचं.”

“डबे माझे होते,” मागून आईचा आवाज आला. “त्यातले दोन अजून चेपलेलेच आहेत म्हणावं.”

हशा पिकला. दोन साक्षीदार झाले! कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. धाकटीला मात्र एकदम दुसरा नियम आठवला.

हेडमास्तरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. “म्हणजे शब्द आपल्याच माणसाने घडवलाय.”

“पण सर, तेव्हा मी कामाला कुठे होते?” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “तेव्हा मला दातसुद्धा नव्हते!”

हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा चढवला, छपाईचं पान पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“प्रथम वापर,” लिहिता लिहिता ते म्हणाले, “दात येण्यापूर्वी.”