काळूचा दुसरा जन्म

पंचवटीतल्या वाचनालयाच्या सभागृहात योगिनीताई नव्या कादंबरीतलं शेवटचं प्रकरण वाचत होत्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या भागीबाईच्या तळपायाची आग मस्तकाला चालली होती.

कादंबरीचं नाव 'त्याच दारी पुन्हा'. सांगणारा एक कुत्रा. मागच्या जन्मी तो पेठ तालुक्यातला मजूर होता, वणीजवळच्या द्राक्षबागेत औषध फवारताना मेला, आणि त्याच मालकाच्या अंगणात कुत्रा होऊन जन्माला आला. मजुराचं नाव काळू. ताईंनी नावसुद्धा बदललं नव्हतं. "ही माझी श्रद्धांजली आहे," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

काळू म्हणजे भागीबाईचा नवरा. सहा वर्षं ती ताईंकडे पोळ्या करत होती. लाटता लाटता बोलायची, आणि ताई ओट्याला टेकून ऐकायच्या. इतकं मन लावून कुणी ऐकतंय म्हटल्यावर माणूस बोलणारच. ताई पुस्तक लिहितायत हे तिला कालपर्यंत माहीत नव्हतं. आज सकाळी ताईंनी कार्यक्रमासाठी म्हणून नवं लुगडं हातात ठेवलं तेव्हा कळलं.

ताई आता शेवटच्या पानांवर आल्या होत्या. बागेत बिबट्या शिरतो, मालकाच्या नातवावर झेप घेतो, कुत्रा मध्ये पडतो. मरता मरता मालकाच्या पायावर मान टाकतो. "'मला मागचं सगळं आठवत होतं,'" ताई वाचत होत्या, "'फक्त राग आठवेना. मागच्या जन्मी न मिळालेलं पाणी मालकाने या जन्मी माझ्या तोंडात घातलं. मी शेपूट हलवली.'"

सभागृहात रुमाल निघाले. शेजारच्या बाईंनी भागीबाईचा हात दाबला. "नशीबवान हो तुम्ही. नवऱ्यावर पुस्तक झालं."

नशीबवान म्हणे! दर पितराला भागीबाई अंगणात पानावर काळूच्या नावाचा घास ठेवते, आणि त्याला कुत्र्याने तोंड लावू नये म्हणून काठी घेऊन उन्हात बसून राहते. आणि इथे शंभर माणसांदेखत काळूच कुत्रा झाला. तोही असा, की मालकाच्या पायाशी लोळण घेतोय. तिला वाटलं, उठावं आणि ते पुस्तक हिसकावून घ्यावं.

"आये, गप राहा हां," आशा कानाशी कुजबुजली. आईचा चेहरा लेकीने बरोबर ओळखला होता. आशाला नर्सिंगच्या होस्टेलमध्ये जागा मिळाली होती ती ताईंच्या शब्दावर. भागीबाईला ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून तर ती अजून बसून होती.

पण सूत्रसंचालन करणाऱ्या यादव सरांना कोण सांगणार? "आता या कादंबरीची प्रेरणा," ते म्हणाले, "आपल्या काळूच्या पत्नी, भागीबाई यांचा सत्कार!"

भागीबाई वर गेली. ताईंनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "मावशी, जरा हसा ना," फोटोवाला म्हणाला. तिने नारळ ताईंच्या हातात परत ठेवला.

"ताई, मी तुमाला काय सांगितलं हुतं?"

माईक ताईंच्या पदराला लावलेला होता. शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मालकानं मजुरांचा चहाचा डबा येगळा ठेवला हुता, बाभळीला अडकवून. माझ्या माणसानं तो चहा मालकाच्या पांढऱ्या शर्टावर ओतला. सांगितलं हुतं का नाय?"

"हो, पण मावशी, कथेच्या दृष्टीने..."

"औषध मारून आला तवा उलट्या थांबत नव्हत्या. मालकाची गाडी दारात उभी, पण दवाखान्यात नेलं नाय. मालक म्हणला, लिंबूपाणी पी न् पड. तवा पडल्या पडल्या त्यानं मालकाला आयमायवरून शिव्या घातल्या. जीव जाईस्तोवर घातल्या. माझ्या मांडीवर डोकं हुतं त्याचं. ते बी सांगितलं का नाय?"

ताईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. कार्यक्रम सांभाळायचा होता. "मावशी, आपल्या पुस्तकात क्षमा आहे. क्षमा करणारा मोठा असतो."

"तुमाला करायची तर तुमी करा. माझ्या माणसाच्या तोंडून कशाला करता?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा, असं वाटलं असेल. मग सगळ्यांनीच वाजवल्या. माणसं डोळे पुसता पुसता टाळ्या वाजवत होती, आणि भागीबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मेल्यांनो, मी काय तमाशा करायला उभी राहिलेय का इथे?

तिने शाल काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. खाली पहिल्या रांगेत आशा उभी राहिली होती. आता तीही गप राहा म्हणत नव्हती. दोघींच्या पिशव्या तिने खांद्याला लावल्या होत्या.

टाळ्या थांबेपर्यंत भागीबाई हलली नाही.

"मला वाचता येत नाय, ताई. तुमी सांगा. एवढ्या मोठ्या पुस्तकात तो कुत्रा मालकाला एकदा तरी चावला का?"

ताईंनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. "नाही."

"मंग तो काळू नाय. त्याचं नाव काढा."