जागेवाल्याचा उजेड

जित्राने जांभळा दिवा लावला. किमलांगबाईंनी आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, मग जावयाच्या, वीरायुतच्या, तोंडाकडे पाहिलं.

"हा मेल्यासारखा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"आई, तो माणसांसाठी नाहीये. झाडांसाठी आहे," वीरायुत म्हणाला.

"मग झाडं मेल्यासारखी दिसतायत."

जित्राने वाद घातला नाही. गाडीत दिवे भरून ती नखोन सावन शहरभर गांजा लावणाऱ्यांच्या घरी विकत फिरायची, तिला सासवांची सवय होती. तिने जांभळा दिवा उतरवला आणि पांढरा टांगला. वीरायुतच्या सासऱ्यांच्या, चपलांच्या बंद पडलेल्या दुकानात, ओढलेल्या शटरच्या आड, गांजाची झाडं छातीइतकी उंच उभी होती. हिरवीगार, तजेलदार, आणि औषधालाही फूल नाही. परवाना भिंतीवर चौकटीत लटकत होता, पण विकली जातात ती फुलं. पानांना कुत्रं विचारत नाही.

वीरायुतच्या मते सगळा दोष दिव्याचा होता. जुना दिवा स्वस्तातला होता, आता चांगला दणदणीत घ्यायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कारण सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की चिनी नववर्षाच्या आत फुलं दिसली पाहिजेत, नाहीतर त्याने मुकाट्याने त्यांच्या भावाच्या कारखान्यात जायचं. तिथे माशांचे गोळे बनायचे. मासळीच्या नुसत्या वासाने वीरायुतला मळमळतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"ताई, पांढरा की जांभळा?" त्याने विचारलं.

जित्रा पानं चाचपत होती. माझ्याच पोटावर पाय देतेय, ती म्हणाली, पण झाडं अशी माजलीयेत म्हणजे उजेड त्यांना पोटभर मिळतोय, दिवा बदलायचं काही कारण नाही. रात्री अंधार किती देतोस?

"बारा तास. मिट्ट," वीरायुत म्हणाला, आणि त्याची छाती फुगली. शटरच्या फटींना काळी चिकटपट्टी लावली होती. एसीवरच्या मुंगीएवढ्या हिरव्या ठिपक्यालासुद्धा त्याने पट्टी चिकटवली होती. संध्याकाळी दिवा बंद झाला की इथे कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी घरात ताकीद होती. तो हे सांगत होता तेव्हा किमलांगबाई देवापुढची संत्री नीट रचायला लागल्या.

"कर बघू अंधार," जित्रा म्हणाली.

त्याने बटणं बंद केली. तिघं उभी राहिली.

"तू दिसतोयस मला," जित्रा म्हणाली. "लाल दिसतोयस. मावशीपण लाल."

जमिनीवर, शटरकडे तोंड करून, जागेवाल्याचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, छोटं लाल लाकडी घर होतं आणि त्यात दोन लाल दिवे जळत होते. वीरायुतची बायको जन्मायच्या आधीपासून ते जळत होते. एसीच्या ठिपक्याला पट्टी लावायला तो स्टुलावर चढला होता तो याच देवासमोर. रोज सकाळी तो तिथे उदबत्ती लावायचा. पण त्याने तो उजेड कधी हिशोबात धरलाच नव्हता, कारण तो उजेड नव्हता, देव होता.

जित्राने समजावलं, की रात्र मोठी झाली असं वाटलं तरच झाड फुलावर येतं. मधेच लाल उजेड दिसला, की त्याला वाटतं अजून दिवसच आहे, आणि ते नुसती पानं काढत बसतं. मग ती खाली वाकली आणि तिने त्या दिव्यांकडे निरखून पाहिलं.

"पण हे तर अगदीच बारके आहेत. एवढ्याने एवढं? रात्री आणखी काही लागतं का इथे?"

किमलांगबाईंनी एक स्वच्छ चहाचा पेला पुन्हा पुसला.

"मेणबत्त्या," त्या म्हणाल्या. "दोन. मोठ्या, देवळातल्या. मालिका संपली की येते मी."

"इथे? रोज? आई, मी सांगितलं होतं ना सगळ्यांना!"

"तू देवाकडे यायचं नाही म्हणाला होतास का? तू झाडांकडे यायचं नाही म्हणालास. मी देवाकडे येत होते." मग त्या जित्राकडे वळून जरा चिडूनच म्हणाल्या, "फुलं येऊ देत म्हणून मागत होते. भावाच्या कारखान्यात हा काय दिवे लावणार आहे?"

ही बाई आपल्याला घालवायला टपली आहे, असं वीरायुत इतके दिवस धरून चालला होता. त्याला लाज वाटली आणि हसूही आलं, आणि सासूसमोर दोन्ही दाखवायची सोय नव्हती.

रात्रीपुरते देवाचे दिवे बंद ठेवा, जित्रा म्हणाली. किमलांगबाईंनी मान हलवली. कौल लावल्याशिवाय नाही. त्यांनी खणातून लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे काढले, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. एक पालथा आणि एक उताणा पडला तर देवाचा होकार, दोन्ही सारखे पडले तर नाही. हा देव सहसा हो म्हणत नाही, हे वीरायुतला ठाऊक होतं. दुकानाला नुसता रंग द्यायचा होता तेव्हा त्याने आठवडाभर ताटकळत ठेवलं होतं.

किमलांगबाई गुडघ्यांवर बसल्या. "अंधारात बसायला चालेल का, असं विचारते. आणि आधी बसवूनच विचारते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको. कर बटण बंद."

वीरायुतने देवाला हात जोडले आणि बटण बंद केलं. त्या दुकानाने असा अंधार कधी पाहिला नव्हता. बाई आपल्या चिनी बोलीत काहीतरी पुटपुटल्या. मग फरशीवर दोन लाकडं पडली. एक लगेच थांबलं, दुसरं बराच वेळ डुगडुगत राहिलं आणि मग तेही थांबलं.

जित्रा मोबाइलचा टॉर्च लावायला पर्स चाचपू लागली.

"राहू दे गं," किमलांगबाई म्हणाल्या.

"काय आलं, आई?" वीरायुतने विचारलं.

"हो म्हणाला," अंधारातून लगेच उत्तर आलं.