कामाच्या दिवशी पाहिलेलं कॉलेज

प्रयोगशाळेला कुलूप होतं.

"चाबीवाला चहाला गेलाय," टाय लावलेला माणूस म्हणाला. "पण आत सगळं अद्ययावत आहे. ऑफिसात बसा, फोटो दाखवतो."

उकंडरावांनी घड्याळ पाहिलं. बुधवार, सकाळचे साडेअकरा. परीक्षा नाही, सुटी नाही, आणि एवढ्या टोलेजंग इमारतीत पोरांचा आवाज म्हणून नव्हता.

त्यांच्या रुपालीला कृषी पदवीच्या प्रवेशासाठी गुण चांगले पडले होते. पहिली पसंती कोणत्या कॉलेजला द्यायची, ते आज संध्याकाळपर्यंत मोबाइलवर भरायचं होतं. तिचा मामा भागवत याच कॉलेजचं नाव धरून बसला होता. तिथं लिफ्ट आहे म्हणे. उकंडराव ऐकून घेत, आणि एवढंच म्हणत, "बैल दावणीले पाहू नये, औताले पाहावा." म्हणून आज मिरचीची तोडणी बायकोवर सोपवून ते लेकीला मोटरसायकलवर घेऊन वडनेरहून निघाले होते.

फोटो त्यांनी पाहिले, चहा घेतला, नमस्कार केला आणि गाडी खामगावच्या पलीकडे काढली.

दुसऱ्या कॉलेजात त्यांना कोणी चहा विचारला नाही. भिंतींचा रंग उडालेला. ऑफिसातला कारकून मान वर न करता म्हणाला, "पाहा ना फिरून, कोण अडवतं?" व्हरांड्यात एका वर्गातून मास्तरांचा चढा आवाज येत होता. तेवढ्यात चिखलाच्या बुटांची सात-आठ पोरंपोरी हातात पानांच्या पिशव्या घेऊन शेजारून गेली. रुपाली त्यांच्या मागोमाग चालू लागली. उकंडराव मागून पोचले तेव्हा ती एका प्रयोगशाळेच्या दारात उभी होती.

आत टेबलावर मिरचीची पानं मांडली होती. धम्मशीला नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी खालच्या वर्षातल्या पोरांना विचारत होती, "बोला, कशानं झालं हे?"

पोरं वह्या चाळू लागली.

"फुलकिडे," रुपाली दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. उकंडरावांची छाती फुगली. पोरगी पाचवीपासून शाळेत पहिली. गावात फवारणीच्या औषधाची बाटली कोणी आणली, तर आधी हिच्याकडून वाचून घेत.

"कशावरून?" धम्मशीलानं विचारलं.

"पानं मुरडली नं. आमच्या वावरात दरसाल येते हा चुरडामुरडा."

"मुरडली खरी. पण कोण्या बाजूनं?"

रुपालीनं पान उचललं. कडा खाली वळल्या होत्या, पालथ्या होडीसारख्या.

"फुलकिडे असते तं कडा वर वळल्या असत्या," धम्मशीला म्हणाली. "ये, इथं डोळा लाव. दिसलं काही? त्याचे पाय मोज."

रुपाली सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ लागला तिला.

"आठ."

"अन् किड्याले किती राह्यते?"

"सहा." ती थबकली. "म्हणजे हा किडाच नाही?"

"बारीक कोळी हाय, पानातला रस पिणारा. फुलकिड्यावरचं औषध बहुतेक याले लागूच पडत नाही."

एक पोरगा हसला. रुपालीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. उकंडरावांना ठाऊक होतं, ही पोरगी एक मार्क कापला तर जेवत नसे. आता ही पाय आपटत निघणार, आणि सगळं मुसळ केरात.

"चाल लेकी," ते हळूच म्हणाले. "उशीर होऊन राह्यला."

तिनं वळून पाहिलं नाही. स्टूल पुढे ओढलं, वर बसली. "ताई, दुसरं पान दाखवा नं."

उकंडराव स्वतःच आत आले. एक पान उचलून उलटसुलट करत राहिले. "रुपाली, आपल्या वावरातली कोण्या बाजूनं वळते वं?"

बापलेक तीन वर्षं फुलकिड्यांवरचाच फवारा मारत होते. पान पालथं करून दोघांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं.

"काका, आणा एखाद्या दिवशी," धम्मशीला म्हणाली. "पाहू सारे मिळून."

उकंडराव बाहेर पायरीवर जाऊन बसले. तास गेला, दीड तास गेला. खिडकीतून हसणं ऐकू येई, मध्येच वाद. धम्मशीला रुपालीला सांगत होती, "आलीच इथं तं नुसती बाकावर बसून राहू नको. सकाळी प्लॉटवर येत जाय. रविवारी आम्ही गावोगावची वावरं पाह्याले जातो, तिथं खरं समजते. लायब्ररी सायंकाळी उघडी राह्यते. अन् आवाज खणखणीत हाय तुझा, नाटकात घेतो तुले."

"मले नाही येत नाटक."

"मले तरी कुठी येत होतं?"

रुपाली बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना पानांचा हिरवा डाग होता आणि एका हातात मोबाइल.

"मंग?" उकंडरावांनी उठत विचारलं. "मामा फोन करन. काय सांगू त्याले?"

"सांगा, भरून टाकलं. इथचंच."

ते गाडीकडे चालू लागले. थोडं गेल्यावर लक्षात आलं, लेक मागेच राहिली आहे. ती वळून प्रयोगशाळेच्या खिडकीकडे पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "एवढ्या लोकायसमोर चुकली मी. अन् घरी जावंसंच वाटून नाही राह्यलं."